पाच डॉलरांचे तिकीट

(एका व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन म्हटली की डोळ्यांसमोर उभे राहते ते व्हाईट हाऊस, काँग्रेसचा घुमट आणि जागतिक बँकेची कचेरी. अर्थशास्त्राचे अध्ययन करणाऱ्यास यांपैकी शेवटची वास्तू विशेष परिचयाची. गरीब देशांना मिळणाऱ्या कर्जाच्या अटी तेथूनच निघतात. या कचेरीपासून दोन-अडीच मैलांवर माउंट प्लेझंट नावाची वस्ती आहे. १९८० नंतरच्या दशकात एल साल्वादोरमधील यादवीतून जीव वाचवून आलेली कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने राहावयास आली. वस्तीच्या कडेला एक जुने चर्च होते. त्याचे लोककेंद्रात रूपांतर झाले होते व विल्सन सेंटर या नावाने ते ओळखले जाई. ३ सप्टेंबर १९८७ रोजी या सभागृहात एका नव्या बँडने आपला पहिला कार्यक्रम केला. बँडचे नाव फुगाझी. व्हिएतनामच्या युद्धात लढलेल्या सैनिकांच्या बोलीतून उचललेला हा शब्द. सगळी घडी पार विस्कटली आहे, असा त्याचा आशय.

इयन मॅके, जो लॅली आणि ब्रेंडन कँटी हे तिघे त्या दिवशी वाजवीत होते. गी पिचोटो हा चौथा काही काळाने सामील झाला. पुढील पंधरा वर्षांत या चौघांनी अमेरिकेत व जगभर मिळून हजारावर कार्यक्रम केले. दोन अटी त्यांनी शक्यतो कधी सोडल्या नाहीत. प्रवेशमूल्य पाच डॉलरांच्या आसपास असावे, ही एक. आणि वय कितीही असो, दारातून कोणास परत पाठवू नये, ही दुसरी. आपला आवडता बँड लहानशा सभागृहात आठ-दहा फुटांच्या अंतरावरून ऐकणे, हे एक साधे सुख आहे. ते कोणाच्या वाट्याला येते, कोणत्या भावाने येते आणि तो भाव ठरवितो कोण, हा आजच्या विवेचनाचा विषय. गंभीर सभेत पंक संगीत कशासाठी, असे कोणास वाटल्यास त्यांनी थोडा धीर धरावा.

संस्कृतात आणि मराठीत पंक म्हणजे चिखल. इंग्रजी शब्दाचा अर्थही फारसा प्रतिष्ठित नाही. उनाड, टाकाऊ पोर असा तो आहे. १९७४ ते १९७७ या काळात न्यूयॉर्क आणि लंडन येथे या नावाचे संगीत उदयास आले. लंडनमध्ये बेकारी वाढत होती, महागाई शिगेला पोचली होती, आणि रॉक संगीत मात्र प्रचंड क्रीडांगणांत, दिव्यांच्या लखलखाटात, सामान्य माणसापासून दूर निघून गेले होते. पंकने तीन सूर, मोडकी गिटार आणि मोठा आवाज एवढ्यावर भागविले. न्यूयॉर्कच्या बावरी भागातील सीबीजीबी आणि लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील हंड्रेड क्लब ही त्याची जन्मस्थाने. दोन्ही जागा लहान, कोंदट, कमी छताच्या. हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. ज्या संगीतात वाजविणारा आणि ऐकणारा यांत अंतर नसावे हाच मुख्य आग्रह, त्याला मोठी जागा मानवत नाही.

अशा जागी प्रत्यक्ष काय घडते? मंच जेमतेम दोन-तीन फुटांचा. पुढच्या रांगेतील श्रोत्याचे कोपर मंचाच्या कडेवर टेकलेले असते. ढोलाचा आघात कानाआधी छातीला जाणवतो. तासाभरात भिंती ओल्या होतात आणि माणसांच्या श्वासाचे पाणी छतावरून ठिबकू लागते. गायकाला शब्द आठवण्याची गरज पडत नाही, कारण समोरच्या शंभर जणांना ते पाठ असतात. फुगाझीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. कोणते गाणे केव्हा वाजवावयाचे याची यादी हा बँड करीत नसे. एकाने सुरुवातीचे दोन-चार सूर छेडले की बाकीचे तिघे तो इशारा ओळखून त्यात मिसळत. त्यामुळे काल रात्रीचा कार्यक्रम आज पुन्हा ऐकावयास मिळत नसे. घरी तबकडी शंभर वेळा ऐकलेला तरुणही येथे येऊन अनभिज्ञच ठरे. पुढचे गाणे कोणते, हे मंचावरच्यांनाही ठाऊक नसे.

आता अर्थकारणाकडे वळू. पाश्चात्त्य शहरांतील सर्वसाधारण संगीत-क्लबाचे उत्पन्न तिकिटावर अवलंबून नसते. दारातून आलेला पैसा बव्हंशी कलावंतांना जातो. मालकाचा नफा निघतो तो दारूच्या विक्रीतून. म्हणजे विक्रीचा माल दारू, आणि संगीत हे गिऱ्हाईक खेचण्याचे आमिष. ही रचना एकदा ध्यानी आली की एका कोड्याचा उलगडा होतो. जे संगीत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी आणि बहुधा त्यांनीच निर्माण केले, तेच ऐकावयास त्या मुलांना दार बंद का? कायद्याने त्यांना दारू विकता येत नाही, म्हणून. जो दारू विकत घेऊ शकत नाही तो मालकाच्या हिशेबी जागा अडविणारा. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने दारूसाठी एकवीस वर्षांची अट घालण्यास राज्यांना भाग पाडले, आणि ही दारे अधिकच घट्ट झाली.

१९८० साली वॉशिंग्टनमधील टीन आयडल्स नावाचा शाळकरी मुलांचा बँड सॅन फ्रान्सिस्कोला गेला. मॅके त्यात होता. तेथील माबुहे गार्डन्स या क्लबाने अल्पवयीनांना आत घेतले, परंतु त्यांना दारू दिली जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या हातावर काळ्या शाईने फुली मारली. मुलांनी ही युक्ती राजधानीत आणली आणि क्लबचालकांपुढे ठेवली: फुली मारा, पण आत येऊ द्या. एफ स्ट्रीटवरील नाइन थर्टी क्लब हे १९८० मध्येच सुरू झालेले ठिकाण. १९९ माणसांची मर्यादा, मंचासमोर नको तेथे उभा खांब, आणि उंदरांची ख्याती. तेथे ही फुली रूढ झाली. बहिष्काराची खूण प्रवेशाचा परवाना ठरली. पुढे दारू न पिणारी मुले ती फुली अभिमानाने स्वतःच हातावर काढू लागली व तिचा जगभर पंथ झाला; तो इतिहास निराळा, आणि त्यातील सोवळेपणा मॅकेलाही पुरता मानवला नाही.

टीन आयडल्स मोडला तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले काही शे डॉलर शिल्लक होते. ते वाटून न घेता त्यांतून तबकडी काढावी, असे ठरले. मॅके आणि जेफ नेल्सन यांनी त्यासाठी डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स ही संस्था स्थापिली. वेष्टने हाताने कापून, डिंकाने चिकटवून तयार केली. या संस्थेने आपल्या गावाबाहेरचे बँड जवळजवळ घेतले नाहीत, बँडांशी लेखी करार केले नाहीत. खर्च वजा जाता उरलेला नफा वाटून घ्यावयाचा, एवढाच तोंडी व्यवहार. तबकडीच्या वेष्टनावरच टपालखर्चासह किंमत छापलेली असे, म्हणजे दुकानदाराने फार चढा भाव लावला तर गिऱ्हाईकास पत्र पाठवून ती थेट मागविता येई. सहकाराच्या चळवळीत हयात घालविलेल्या कार्यकर्त्यांना येथे ओळखीचे काही दिसेल.

फुगाझी उभा राहिला तो या पायावर. पाच डॉलर हा आकडा भावनेच्या भरात ठरलेला नव्हता; मागे रोकडा हिशेब होता. बँडला व्यवस्थापक नव्हता, दलाल नव्हता, वकील नव्हता. कार्यक्रम ठरविण्याचे काम मॅके स्वतः दूरध्वनीवरून करी. प्रवास आपल्या गाडीतून, मुक्काम पुष्कळदा कोणा परिचिताच्या घरी जमिनीवर. दिवे साधे. बँडच्या नावाचे सदरे, बिल्ले यांपैकी काहीही विक्रीस नसे. इतरांनी चोरून छापले ते वेगळे. मधल्या माणसांची संपूर्ण साखळीच काढून टाकल्यावर तिकिटाचा भाव किती उतरू शकतो, हे त्यांनी करून दाखविले.

येथे एक साधे गणित मांडून पाहू. समजा, एखाद्या सभागृहात चारशे माणसे पाच डॉलर देऊन आली. जमा दोन हजार. तिकीट वीस डॉलर केले आणि शंभरच माणसे आली. जमा पुन्हा दोन हजार. पाठ्यपुस्तकातील मक्तेदाराला या दोहोंत फरक दिसणार नाही. उलट शंभर माणसांचा व्याप कमी म्हणून तो दुसरा मार्ग पत्करील. परंतु सभागृहात उभ्या असलेल्या माणसाला विचारा. पहिल्या खोलीत शाळेतील मुलगी आहे, उपाहारगृहात भांडी घासणारा पोऱ्या आहे, बेकार आहे. दुसऱ्या खोलीत फक्त ज्यांच्या खिशात वीस डॉलर सुटे आहेत ते आहेत. गाणी तीच, पैसा तितकाच, कार्यक्रम मात्र सर्वस्वी निराळा. भाव हा मागणी-पुरवठ्याचा आकडा असतो हे खरे. कोणी कोणाशेजारी उभे राहावयाचे, याचा निर्णयही तोच करतो.

पाच डॉलर म्हणजे तरी किती? १९८७ मध्ये अमेरिकेतील केंद्रीय किमान वेतन ताशी ३.३५ डॉलर होते. म्हणजे सर्वांत कमी मजुरीच्या माणसाला एका कार्यक्रमासाठी दीड तास राबावे लागे. १९९७ मध्ये हे वेतन ५.१५ डॉलर झाले आणि २००२ पर्यंत तसेच राहिले. पाच डॉलरांना तेव्हा तासभराचीही मजुरी पडत नसे. या पंधरा वर्षांत तेथील सर्वसाधारण किंमतमान अर्ध्याहून अधिक वाढले. काही शहरांत फुगाझीच्या तिकिटालाही थोडी वाढ सोसावी लागली, तरी श्रमाच्या मापाने पाहिल्यास हा कार्यक्रम एकंदरीत स्वस्तच होत गेला. 

तथापि, दार उघडले म्हणजे खोलीत समता आली, असे होत नाही. पंकच्या कार्यक्रमात मंचासमोर एकमेकांवर आदळत नाचण्याची प्रथा पडली होती. प्रारंभी तिच्यात मोकळेपणा होता. पुढे दांडगट तरुणांनी ती बळकाविली, आणि मुली, लहान मुले, अंगाने किरकोळ माणसे मागच्या भिंतीकडे ढकलली गेली. ज्यांनी तेवढेच पाच डॉलर दिले त्यांना पाठी आणि खांदे पाहण्याची वेळ आली. फुगाझीने यावर घेतलेली भूमिका त्या वर्तुळात पुष्कळ टीकेचा विषय झाली. कोणी इतरांना इजा करू लागला की बँड गाणे मध्येच थांबवी. मॅके किंवा पिचोटो त्या माणसास उद्देशून, बहुतेक वेळा अत्यंत सभ्य भाषेत, तसे न करण्याची विनंती करी. तरीही न ऐकल्यास त्याला बाहेर काढून त्याचे पाच डॉलर परत केले जात. त्यासाठी पैसे घातलेली पाकिटे तयारच ठेवलेली असत. जेम कोहेन यांच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ या १९९९ च्या चित्रपटात असा एक प्रसंग आहे. पिचोटो मंचावरून एका दांडगटाला सुनावतो की थोड्या वेळापूर्वी तू लहान मुलासारखा आईस्क्रीम खाताना आम्ही पाहिला आहेस, तेव्हा हा दरारा पुरे. सभागृह हसते.

पाकिटाचा हा प्रकार विचार करण्यासारखा आहे. व्यापारात पैसे घेतले की संबंध संपतो. गिऱ्हाईक राजा, त्याने काय करावे हे दुकानदाराने सांगू नये. येथे पैसे परत देऊन सांगितले जाई की तुझ्याशी असलेला संबंध गिऱ्हाइकाचा नव्हताच. मोठ्या क्रीडांगणात हे शक्य नाही. तेथे दंगा करणारा दिसतच नाही, दिसला तर गणवेशातील पहारेकरी त्याला उचलतात. नाव न घेता, चेहरा पाहून, माणसाला माणसाने बोलणे हे दोनशे, चारशे, फार तर हजार माणसांच्या खोलीतच घडते.

हा सगळा प्रकार समाजवाद होय काय, असा प्रश्न येथे कोणी उपस्थित करील, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर नाही असेच द्यावे लागेल. डिस्कॉर्ड ही शेवटी खाजगी संस्था. चार प्रामाणिक माणसांनी स्वस्त आणि नेक व्यापार केला म्हणून बाजाराचे स्वरूप बदलत नाही. मध्यमवर्गीय गोऱ्या मुलांना त्यागाची चैन परवडली, ही टीकाही त्या काळी बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या वॉशिंग्टनसारख्या शहरात निराधार म्हणता येत नाही. त्यांच्या साधेपणाच्या तर दंतकथा झाल्या होत्या. ही मंडळी केवळ भातावर जगतात अशी अफवा होती. ती ऐकून खुद्द बँडलाही कंटाळा येई.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. आपल्या शहरातील फुगाझीचे कार्यक्रम बहुतांशी मोफत किंवा कोणत्या ना कोणत्या सामाजिक कार्याच्या मदतीसाठी असत. १९८५ मध्ये सुरू झालेली पॉझिटिव्ह फोर्स ही कार्यकर्त्यांची संघटना ते आयोजित करी आणि पैसा बेघरांसाठी, एड्सच्या रुग्णांसाठी, भाडेकरूंसाठी काम करणाऱ्या गटांकडे जाई. सोळाव्या रस्त्यावरील सेंट स्टीफन्स चर्चसारख्या जागा त्यांना मिळत, कारण ते चर्च नागरी हक्कांच्या काळापासून अशा कामाला सरावलेले होते. येथे दारूच्या गल्ल्याची गरजच उरत नसे. १२ जानेवारी १९९१ रोजी, इराकवरील हवाई हल्ले सुरू होण्याच्या चार दिवस आधी, हा बँड व्हाईट हाऊससमोरील लाफायेत उद्यानात, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, युद्धाच्या निषेधार्थ वाजवीत होता. तिकीट अर्थातच नव्हते. युद्ध थांबले नाही.

त्याच दशकात दुसऱ्या मार्गाचाही प्रयत्न झाला. पर्ल जॅम हा अफाट लोकप्रिय बँड. तिकीट वीस डॉलरांच्या आत राहावे अशी त्याची इच्छा होती, परंतु विक्रीची यंत्रणा टिकिटमास्टर या कंपनीच्या हाती आणि तिचा सेवाशुल्काचा भार वेगळा. १९९४ मध्ये पर्ल जॅमने मक्तेदारीची तक्रार सरकारकडे नेली. १९९५ मध्ये सरकारने चौकशी बंद केली. २०१० मध्ये हीच कंपनी लाइव्ह नेशन या कार्यक्रम भरविणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपनीत विलीन झाली. मंच, कलावंत आणि तिकीट एकाच मुठीत आले. त्याविरुद्ध सरकारने दावा दाखल केला तो मे २०२४ मध्ये, म्हणजे पहिल्या तक्रारीनंतर तीस वर्षांनी. लाखोंचा चाहतावर्ग असलेल्या बँडला स्वस्त तिकीट विकता आले नाही आणि चर्चच्या तळघरात वाजविणाऱ्यांना ते आले, यात विरोधाभास वाटतो खरा. मोठ्या जागा कंपनीच्या कराराने बांधलेल्या होत्या. तळघरावर कोणाची नजर गेलेली नव्हती.

तळघरे तरी टिकली काय? बर्कली येथील ९२४ गिलमन स्ट्रीट हे ३१ डिसेंबर १९८६ रोजी सुरू झालेले, स्वयंसेवकांनी चालविलेले सभागृह आजवर उभे राहिले. सभासदत्व घ्यावयाचे, काम वाटून करावयाचे, दारू नाही, वर्णद्वेष नाही, हाणामारी नाही, असे नियम भिंतीवर रंगविलेले. ग्रीन डे हा बँड तेथेच वाढला, आणि १९९३ मध्ये त्याने मोठ्या कंपनीशी करार करताच नियमानुसार त्याला मंच बंद झाला. नियम कठोर खरा. पण भाडे मात्र नियम जाणत नाही. सीबीजीबी २००६ मध्ये भाड्याच्या वादातून बंद पडले. नाइन थर्टी क्लब १९९६ मध्ये बाराशे माणसांच्या जागेत गेला. ब्रिटनमध्ये छोट्या संगीतगृहांसाठी झटणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या अहवालानुसार एकट्या २०२३ साली अशा १२५ जागांतील संगीत थांबले. जी उरली त्यांचा सरासरी नफा अर्धा टक्का. म्हणजे शंभर पौंडांच्या उलाढालीत पन्नास पेन्स. इतक्या पातळ थरावर कोणताही धंदा उभा राहत नाही. लोक तो हौसेने, पदरमोड करून चालवितात. महासाथीच्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, अमेरिकेच्या काँग्रेसने बंद पडलेल्या प्रेक्षागृहांसाठी १५ अब्ज डॉलरांची तरतूद केली. संकटातील ही मदत उपयोगी पडली, पण ती एकवेळची. फ्रान्सने अधिक शहाणपणाचा मार्ग पूर्वीच काढला आहे. तेथे संगीताच्या तिकिटावर साडेतीन टक्के कर बसतो आणि तो पैसा संगीतक्षेत्राकडेच, लहान जागांसकट, वळविला जातो. क्रीडांगणातील नायक तळघरातूनच वर आलेला असतो. तळघराची डागडुजी क्रीडांगणाने करावी, हा न्याय समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

फुगाझीने २००२ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये अखेरचे कार्यक्रम केले. भांडण नाही, निरोपाचा सोहळा नाही. घरी मुले, आजारी आईवडील, प्रवासाचा शीण, चौघे थांबले. त्यांच्या ध्वनियंत्रणेवर काम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे बहुतेक कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. आठशेहून अधिक रात्रींच्या फितींचा ढीग. २०११ पासून डिस्कॉर्डने त्या एकेक करून सर्वांसाठी खुल्या केल्या. सुचविलेली किंमत पुन्हा पाचच डॉलर. ज्याला जमत नाही त्याने कमी द्यावेत, ज्याला जमते त्याने अधिक.

या फिती घेणाऱ्यांत असंख्य माणसे अशी आहेत की ज्यांना कोणतीही उत्तम रात्र नको असते. आपण हजर होतो तीच हवी असते. पंधराव्या वर्षी हातावर फुली मारून घेतलेला मुलगा आता पन्नाशीला आला. तो आपले गाव शोधतो, तारीख शोधतो. फीत सुरू होते तेव्हा आधी ऐकू येते ती खोली: खुर्च्यांची खरखर, कोणाचे खोकणे, दाराशी चाललेली बोलणी. मग मॅकेचा आवाज, पुढच्यांनी जरा मागे सरकावे, समोरच्या लहान मुलांना जागा द्यावी, अशी विनंती करणारा. थोडी कुजबुज होते. बूट सरकल्याचा आवाज येतो. आणि कोणीतरी पहिला सूर छेडतो.